कडू तंबाखू गोड करणारा माणूस : आर. जे. रेनॉल्ड्स आणि सिगारेटमधली साखर

सिगारेटमध्ये काय असतं, असं कुणालाही विचारलं तर उत्तर ठरलेलं आहे : तंबाखू. फार तर कुणी निकोटीन आणि टार ही दोन नावं घेईल. पण साखर? ज्येष्ठमध? कोको? ही यादी ऐकली तर मिठाईच्या दुकानाबद्दल बोलणं चाललंय असं वाटेल. प्रत्यक्षात अमेरिकन पद्धतीच्या सिगारेटमध्ये असे गोड आणि सुवासिक पदार्थ शंभराहून अधिक वर्षं मिसळले जात आहेत.

ही कृती एका दिवसात, एका माणसाने शोधलेली नाही. पण तिला घराघरात पोहोचवण्याचं श्रेय म्हणा किंवा दोष म्हणा, तो प्रामुख्याने एका माणसाकडे जातो. त्याचं नाव रिचर्ड जोशुआ रेनॉल्ड्स. 'कॅमल' सिगारेट काढणारे हेच ते आर. जे. रेनॉल्ड्स. ते डॉक्टर नव्हते की रसायनशास्त्रज्ञ नव्हते. तंबाखूचा कडवटपणा कसा झाकायचा, ही एकच विद्या त्यांनी आयुष्यभर जोपासली. त्या विद्येतून पुढे काय घडलं हे कळलं, की सिगारेटमध्ये काहीबाही मिसळतात या नेहमीच्या वाक्याचा खरा अर्थ लागतो.

शेतावरचं बालपण आणि गाडीवरचा धंदा

रेनॉल्ड्स यांचा जन्म २० जुलै १८५० रोजी अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात, पॅट्रिक काउंटीमधल्या रॉक स्प्रिंग या मळ्यावर झाला. वडील हार्डिन रेनॉल्ड्स तंबाखूचे मोठे शेतकरी. नुसतं पान विकण्यापेक्षा त्यापासून खायची तंबाखू बनवून विकली तर जास्त पैसा मिळतो, हे त्यांनी ओळखलं होतं. त्यामुळे मळ्यावरच छोटा कारखाना होता. शेतावर आणि कारखान्यात राबणारे हात मात्र गुलामांचे होते.

रिचर्ड दहा वर्षांचा असताना अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं. चार वर्षांनी ते संपलं तेव्हा गुलामगिरी गेली होती आणि दक्षिणेकडच्या राज्यांमध्ये रोख पैसा जवळपास उरला नव्हता. तरुण रिचर्ड वडिलांची तंबाखू घोडागाडीत भरून गावोगाव विकायला जाऊ लागला. गिऱ्हाइकाकडे पैसे नसतील तर तो बदल्यात कातडी, मेण, घरातलं सामान, असं जे मिळेल ते घ्यायचा आणि परत येऊन ते विकायचा. लोकांना कुठल्या चवीची तंबाखू आवडते, हे त्याने कुठल्या पुस्तकात वाचलं नाही. ते त्याला दारोदार फिरताना कळलं.

एमरी अँड हेन्री कॉलेजात तो दोन वर्षं शिकला, पण पदवी घेतली नाही. १८७३ मध्ये बाल्टिमोरच्या एका व्यापारी विद्यालयात त्याने हिशेब आणि धंद्याचं शिक्षण घेतलं. नंतर वडिलांच्या धंद्यातला आपला वाटा विकून तो स्वतंत्र झाला.

विन्स्टनमधला लाल कारखाना

१८७४ मध्ये चोवीस वर्षांचे रेनॉल्ड्स नॉर्थ कॅरोलायनातल्या विन्स्टन या छोट्या गावात आले. गाव निवडण्यामागे दोन कारणं होती. आसपास उत्तम प्रतीची तंबाखू पिकत होती आणि वर्षभरापूर्वीच तिथे रेल्वे पोहोचली होती. शेजारच्या सालेम गावात मोरेव्हियन पंथाच्या ख्रिस्ती लोकांची जुनी वस्ती होती. त्यांच्याकडून जागा विकत घेऊन रेनॉल्ड्सनी छोटा लाल कारखाना उभारला. १८७५ मध्ये, पहिल्याच हंगामात, तिथे दीड लाख पौंड, म्हणजे सुमारे ६८ हजार किलो खायची तंबाखू तयार झाली.

त्या काळी अमेरिकेत तंबाखू मुख्यतः चघळली जायची. पानं पाकात मुरवून, दाबून त्यांच्या वड्या बनवत. या वडीला 'प्लग' म्हणत. विन्स्टनमध्येच असे अनेक कारखाने होते. पान सगळ्यांकडे साधारण सारखंच. मग एकाचा माल दुसऱ्यापेक्षा वेगळा ठरायचा तो पाकामुळे. काकवीसारखा गोड पाक, साखर, ज्येष्ठमध, दारू, मसाल्याचे अर्क असं बरंच काही त्यात पडायचं. पानात मुरवल्या जाणाऱ्या या पाकाला तंबाखूच्या धंद्यात 'केसिंग' म्हणतात. प्रत्येक कारखानदार आपली कृती जपून ठेवायचा.

रेनॉल्ड्स या कामात इतरांच्या पुढे गेले. १८७९ मध्ये बाल्टिमोरमध्ये सॅकरिनचा शोध लागला होता. साखरेपेक्षा शेकडो पट गोड असलेला हा पदार्थ खायच्या तंबाखूत वापरणाऱ्या पहिल्या काही कारखानदारांमध्ये रेनॉल्ड्स यांचं नाव घेतलं जातं. चिमूटभर सॅकरिनने वडी गोड व्हायची आणि ती गोडी तोंडात बराच वेळ राहायची. १८९० मध्ये त्यांनी आपल्या धंद्याची रीतसर कंपनी केली आणि स्वतः अध्यक्ष झाले.

या सगळ्याला कुणी हरकत घेतली का? नाही. १९०६ मध्ये अमेरिकेत अन्न आणि औषधांच्या शुद्धतेचा मोठा कायदा आला, पण तंबाखू त्याच्या कक्षेत आली नाही. ती अन्नात धरली गेली नाही की औषधात. त्यामुळे तिच्यात काय मिसळलं जातं हे सांगण्याचं बंधन कुणावरच नव्हतं. ही पळवाट पुढे अनेक दशकं टिकली.

मक्तेदारीच्या पंखाखाली

याच काळात नॉर्थ कॅरोलायनातलाच दुसरा एक तंबाखूवाला जेम्स ड्यूक सिगारेटच्या धंद्यात राजा झाला होता. हाताने सिगारेट वळणारा कामगार दिवसाला दोन-तीन हजार सिगारेटी करायचा. ड्यूक यांनी वापरलेलं बॉन्सॅक यंत्र दिवसाला लाखभर सिगारेटी बाहेर काढायचं. १८९० मध्ये ड्यूक यांनी मोठमोठे कारखाने एकत्र करून 'अमेरिकन टोबॅको कंपनी' हा ट्रस्ट उभा केला. ट्रस्टची पकड इतकी पक्की होती की तंबाखूत घालायच्या ज्येष्ठमधाचा व्यापारसुद्धा त्याच्या ताब्यात होता. यावरून धंद्यात ज्येष्ठमधाला किती महत्त्व होतं ते लक्षात येतं.

१८९९ मध्ये रेनॉल्ड्स यांना आपल्या कंपनीचा सुमारे दोन तृतीयांश हिस्सा ट्रस्टच्या हाती द्यावा लागला. पण कंपनीचा कारभार मात्र त्यांच्याकडेच राहिला.

पुढचं मोठं पाऊल १९०७ मध्ये पडलं. 'प्रिन्स अल्बर्ट' नावाची पाइपमध्ये ओढायची तंबाखू कंपनीने बाजारात आणली. पाइप ओढणाऱ्यांची जुनी तक्रार असायची की तंबाखू जिभेला झोंबते. प्रिन्स अल्बर्ट तशी झोंबत नाही, हाच तिच्या जाहिरातीचा मुद्दा होता. तिच्यात वापरलेलं पान होतं बर्ली जातीचं.

बर्लीचं वैशिष्ट्य समजून घेणं गरजेचं आहे, कारण सगळी गोष्ट तिथेच वळते. व्हर्जिनियाची पिवळी तंबाखू बंद कोठारात उष्णतेने वाळवतात. त्यामुळे पानातली नैसर्गिक साखर पानातच राहते. बर्ली मात्र सावलीत, वाऱ्यावर हळूहळू वाळते आणि त्यात तिची साखर जवळजवळ संपून जाते. तिचा धूर उग्र असतो, घशाला लागतो. पण हे पान सच्छिद्र असतं. स्पंज पाणी पितो तसं ते पाक शोषून घेतं. म्हणजे निसर्गाने काढून घेतलेली साखर माणसाला परत घालता येते, आणि तीही हवी तेवढी.

खायच्या तंबाखूचा पाक बनवण्यात आयुष्य घातलेल्या माणसाला याचं महत्त्व कुणी सांगायला नको होतं.

कॅमल येते

मे १९११ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ड्यूक यांचा ट्रस्ट मोडला. रेनॉल्ड्स साठीच्या उंबरठ्यावरून पुढे गेले होते, पण त्यांची कंपनी पुन्हा स्वतंत्र झाली. सिगारेटचे गाजलेले ब्रँड इतर कंपन्यांच्या वाट्याला गेले. रेनॉल्ड्स यांच्या पदरात एकही आला नाही.

चघळण्याच्या तंबाखूचे दिवसही हळूहळू सरत होते. शहरं वाढत होती. थुंकीतून क्षय पसरतो हे लोकांना कळू लागलं होतं. सार्वजनिक ठिकाणी थुंकायला बंदी येत होती. सिगारेट ओढताना थुंकावं लागत नव्हतं.

१९१३ मध्ये रेनॉल्ड्सनी सिगारेटचे काही ब्रँड बाजारात आणून पाहिले. त्यातली चालली ती कॅमल. तिच्यात तीन प्रकारची पानं होती : व्हर्जिनियाची पिवळी, पाकात मुरवलेली बर्ली आणि थोडी सुवासिक तुर्की. वीस सिगारेटचं पाकीट दहा सेंटला. इतर कंपन्या पाकिटात चित्रं आणि कूपनं घालायच्या. कॅमलच्या पाकिटात असली भेट नव्हती, आणि तसं पाकिटावर छापलेलंही होतं. सगळा खर्च तंबाखूवर केल्याचा दावा होता.

पाकिटावरच्या उंटाची गोष्टही गमतीची आहे. सप्टेंबर १९१३ मध्ये बार्नम अँड बेली सर्कस गावात आली होती. तिच्यातल्या 'ओल्ड जो' नावाच्या उंटाचा फोटो काढून त्यावरून चित्र तयार केलं गेलं. गावही नवंच होतं म्हणायचं. विन्स्टन आणि सालेम ही दोन गावं त्याच वर्षी एक होऊन विन्स्टन-सालेम झाली होती.

पहिल्या पूर्ण वर्षात सुमारे साडेबेचाळीस कोटी कॅमल सिगारेटी विकल्या गेल्या. दहा वर्षांत, म्हणजे १९२३ च्या सुमाराला, अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक शंभर सिगारेटींपैकी जवळपास ४५ कॅमल होत्या. 'लकी स्ट्राइक' आणि 'चेस्टरफील्ड' या प्रतिस्पर्ध्यांनी तीच वाट धरली. अशा मिश्रणाला 'अमेरिकन ब्लेंड' म्हणतात. आज जगातल्या अनेक देशांत विकली जाणारी सिगारेट याच वळणाची आहे.

गोड धूर छातीत का जातो?

साखरेने नेमकं काय केलं? चव चांगली झाली एवढंच असतं तर प्रश्न नव्हता. साखरेने धुराचा गुणधर्म बदलला.

सिगार किंवा जुन्या पद्धतीच्या पाइपचा धूर आम्लारीधर्मी असतो. असा धूर घशाला लागतो, ठसका आणतो. त्यामुळे ओढणारा तो तोंडातच फिरवतो आणि सोडून देतो. अशा धुरातलं निकोटीन तोंडाच्या आतल्या नाजूक त्वचेतून काही प्रमाणात शरीरात शिरतं, आणि तेवढ्यावर त्याचं भागतं.

तंबाखूबरोबर साखर जळली की आम्लं तयार होतात. धूर आम्लधर्मी होतो, सौम्य लागतो, ठसका कमी येतो. पण आम्लधर्मी धुरातलं निकोटीन तोंडातून नीट शोषलं जात नाही. ते हवं असेल तर धूर छातीत ओढावाच लागतो. म्हणजे साखर दोन्ही बाजूंनी काम करते. ती धूर आत घेणं सोपं करते आणि गरजेचंही करते.

फुप्फुसांच्या आतला पृष्ठभाग पसरला तर एखाद्या मोठ्या फ्लॅटएवढा होईल. तिथून निकोटीन रक्तात जातं आणि साधारण दहा ते वीस सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचतं. झुरका आणि बरं वाटणं यांच्यात अंतर जितकं कमी, तितकी सवय घट्ट बसते. शिवाय धुरातलं टार आणि कर्करोग घडवणारी द्रव्यंही त्याच वाटेने फुप्फुसांच्या खोल कोपऱ्यात जाऊन बसतात.

साखर जळताना आणखी काही घडतं. तिच्यातून फॉर्माल्डिहाइड, ॲसिटाल्डिहाइड, ॲक्रोलिन अशी द्रव्यं तयार होतात. फॉर्माल्डिहाइड कर्करोगकारक आहे आणि ॲक्रोलिन श्वासनलिकेच्या आतल्या आवरणाला इजा करतं. ॲसिटाल्डिहाइडबद्दल उंदरांवरच्या प्रयोगात असं दिसलं की नुसत्या निकोटीनपेक्षा निकोटीन आणि ॲसिटाल्डिहाइड एकत्र मिळालं तर ते मिळवण्यासाठी उंदीर जास्त धडपडतात. अर्थात, ही द्रव्यं साध्या तंबाखूच्या धुरातही असतात. साखरेने त्यांच्यात भर पडते.

बर्ली पानाचा स्वतःचाही एक दोष आहे. त्यात नायट्रेट जास्त असतं. त्यामुळे बर्ली असलेल्या मिश्रणात तंबाखूतली नायट्रोसमाइन्स नावाची कर्करोगकारक द्रव्यं नुसत्या व्हर्जिनिया पानाच्या सिगारेटपेक्षा जास्त सापडतात. पाक मुरवता येतो म्हणून निवडलेलं पान या बाबतीतही महागात पडलं.

रेनॉल्ड्स यांना हे ठाऊक होतं का?

ठाऊक असण्याची शक्यता नव्हती. १९१२ मध्ये, म्हणजे कॅमलच्या एक वर्ष आधी, न्यूयॉर्कचे डॉक्टर आयझॅक ॲडलर यांनी फुप्फुसाच्या कर्करोगावर ग्रंथ लिहिला, तेव्हा हा रोग अत्यंत दुर्मिळ समजला जात होता. धूम्रपानाला नावं ठेवणारे लोक होते, पण त्यांचा आक्षेप मुख्यतः नीतीचा होता. सिगारेट ओढणाऱ्या पिढीत हा कर्करोग दिसायला वीस-तीस वर्षं जावी लागतात, आणि ती पिढी तर आत्ता कुठे तयार होत होती.

रेनॉल्ड्स यांचं घरचं आयुष्य उशिरा सुरू झालं. १९०५ मध्ये, वयाच्या ५४ व्या वर्षी, त्यांनी नात्यातल्याच कॅथरीन स्मिथ यांच्याशी लग्न केलं. चार मुलं झाली. कॅथरीन यांनी शहराबाहेर 'रेनॉल्डा' नावाची मोठी वास्तू आणि आदर्श शेत उभं केलं. कुटुंब तिथे राहायला गेलं ते १९१७ च्या अखेरीस. तोवर रेनॉल्ड्स आजारी होते. स्वादुपिंडाच्या कर्करोगाने २९ जुलै १९१८ रोजी त्यांचा मृत्यू झाला. वय होतं ६८.

तंबाखूमुळे स्वादुपिंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो हे आज सिद्ध झालं आहे. पण एखाद्या एका माणसाचा आजार कशामुळे झाला हे शंभर वर्षांनंतर सांगता येत नाही. त्यांच्या मृत्यूच्या वेळी पहिलं महायुद्ध चालू होतं आणि आघाडीवरच्या अमेरिकन सैनिकांना सिगारेटी पुरवल्या जात होत्या. लाखो तरुण ही सवय घेऊन घरी परतणार होते.

मुलाचा मृत्यू आणि कंपनीची प्रयोगशाळा

रेनॉल्ड्स यांचा थोरला मुलगा रिचर्ड ज्युनियर याला तंबाखूचा वारसा दोन्ही अर्थांनी मिळाला : संपत्तीही आणि सवयही. ११ जानेवारी १९६४ रोजी अमेरिकेच्या सर्जन जनरलनी धूम्रपानामुळे फुप्फुसाचा कर्करोग होतो असा अहवाल प्रसिद्ध केला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये रिचर्ड ज्युनियर यांचा स्वित्झर्लंडमध्ये मृत्यू झाला. वय ५८, आजार एम्फायसीमा. या आजारात फुप्फुसातले हवेचे पुंजके फाटत जातात आणि माणसाला श्वास पुरेनासा होतो. त्यांचे धाकटे पुत्र पॅट्रिक रेनॉल्ड्स पुढे धूम्रपानाविरुद्ध उभे राहिले आणि १९८६ मध्ये अमेरिकन संसदेच्या समितीसमोर त्यांनी सिगारेटच्या जाहिरातींवर बंदी घालण्याची बाजू मांडली.

आजोबांना माहीत नव्हतं असं म्हणता येतं. त्यांच्या नावाच्या कंपनीबद्दल मात्र नंतरच्या काळात तसं म्हणता येत नाही. १९५६ मध्ये कंपनीने गावाच्याच नावाची 'सालेम' ही फिल्टर असलेली मेंथॉल सिगारेट आणली. पुदिन्यातलं मेंथॉल घशाला थंडावा देतं, धुराचा झोंबरेपणा जाणवू देत नाही. नवशिक्याला पहिला झुरका सहन होतो, आणि खरी मेख तिथेच असते.

नंतर अमोनियाची पाळी आली. फिलिप मॉरिस कंपनीच्या 'मार्लबोरो'ने १९६० च्या दशकात जोरदार मुसंडी मारली. १९७३ मध्ये रेनॉल्ड्स कंपनीच्या शास्त्रज्ञांनी त्यामागचं कारण शोधताना धुरातल्या आम्ल-आम्लारीचं प्रमाण, निकोटीनचा झटका आणि विक्री यांचा संबंध मांडला. अमोनियामुळे धूर थोडा आम्लारीकडे झुकतो आणि निकोटीनचा काही भाग मोकळा होतो. मोकळं निकोटीन लवकर शोषलं जातं.

हे रसायन महाराष्ट्रात कुणाला नवं वाटू नये. तळहातावर तंबाखू मळताना तिला चुना लावतात तो कशासाठी? चुना आम्लारी आहे. त्यामुळे तंबाखूतलं निकोटीन मोकळं होतं आणि गालातून चटकन रक्तात उतरतं. चुन्याशिवाय तंबाखू लागत नाही, असं खाणारे सांगतात ते त्यामुळेच. खेड्यातला माणूस जे अनुभवाने करत आला, तेच कारखान्यात मोजून-मापून झालं. कंपन्यांनी मात्र अमोनियाचा वापर चवीसाठी असल्याचं सांगितलं. न्यायालयीन लढायांमुळे त्यांची अंतर्गत कागदपत्रं उघड झाली तेव्हा वेगळं चित्र समोर आलं.

५९९ नावांची यादी

अमेरिकेतल्या मोठ्या सिगारेट कंपन्यांनी मिसळल्या जाणाऱ्या पदार्थांची यादी पहिल्यांदा जाहीर केली ती एप्रिल १९९४ मध्ये. तिच्यात ५९९ नावं होती. साखर, मध, कोको, ज्येष्ठमध, व्हॅनिला, लवंगेचं तेल, मेंथॉल, अमोनियाची संयुगं. यातले बहुतेक पदार्थ खाण्यासाठी सुरक्षित आहेत, असं कंपन्यांचं म्हणणं होतं. ते खोटं नव्हतं, पण अपुरं होतं. चमचाभर साखर पोटात जाणं आणि ती साखर जळून तिचा धूर फुप्फुसात जाणं, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

त्याच महिन्यात सात सिगारेट कंपन्यांच्या प्रमुखांनी संसदेच्या समितीसमोर शपथेवर सांगितलं की निकोटीनचं व्यसन लागत नाही असं आपलं मत आहे. त्यात रेनॉल्ड्स कंपनीचे प्रमुखही होते.

मिसळलेले पदार्थ स्वतः व्यसन लावतात का, हा प्रश्न युरोपीय संघाच्या तज्ज्ञ समितीने २०१० मध्ये तपासला. निष्कर्ष सावध होता. स्वतःचं व्यसन लावणारा कुठलाही मिसळलेला पदार्थ सापडला नाही. व्यसन निकोटीनचंच. पण धूर सौम्य करणारे आणि झुरका सोपा करणारे पदार्थ त्या व्यसनाची वाट मोकळी करून देतात. थोडक्यात, साखर हे विष नाही. ती विषाभोवतीचं गोड आवरण आहे.

हे आवरण सर्वात जास्त कुणासाठी उपयोगी पडतं? ज्यांनी अजून सुरुवात केलेली नाही त्यांच्यासाठी, म्हणजे किशोरवयीन मुलांसाठी. रेनॉल्ड्स कंपनीने फळांच्या आणि मिठाईच्या स्वादाच्या कॅमल सिगारेटी काढल्या होत्या. अनेक राज्यांच्या सरकारी वकिलांशी समझोता होऊन २००६ मध्ये त्या थांबल्या. २००९ च्या कायद्याने अमेरिकेत अशा स्वादांच्या सिगारेटींवर बंदी आली, पण मेंथॉल वगळून. युरोपीय संघात २०२० पासून मेंथॉल सिगारेटही बंद आहे.

काहीच मिसळलं नाही तर?

इथे एक सापळा आहे. मिसळलेले पदार्थ वाईट, तर शुद्ध तंबाखूची सिगारेट चांगली, असं अनेकांना वाटतं. अमेरिकेत नेमक्या याच समजावर एक ब्रँड उभा राहिला : 'नॅचरल अमेरिकन स्पिरिट'. काहीही मिसळलं नाही म्हणजे सिगारेट सुरक्षित होत नाही, अशी सूचना जाहिरातींमध्ये छापण्याचं बंधन तिथल्या व्यापार आयोगाने २००० मध्ये त्या कंपनीवर घातलं. आणि २००२ मध्ये ती कंपनी विकत घेतली कुणी, तर रेनॉल्ड्स कंपनीच्याच उद्योगसमूहाने. गोडवा घालून मोठा झालेला धंदा आता गोडवा न घालण्याचेही पैसे घेऊ लागला.

आपल्याकडची साधी विडी हा याचा सर्वात जवळचा पुरावा आहे. टेंभुर्णीच्या पानात गुंडाळलेली तंबाखू, ना कोको ना ज्येष्ठमध. तरी विडीतून मिळणारं निकोटीन आणि टार सिगारेटपेक्षा कमी नसतं आणि विडीमुळे तोंडाचा, घशाचा, फुप्फुसाचा कर्करोग होतो. उलट गुटख्याकडे पाहिलं तर गोडवा आणि सुगंध काय करू शकतात ते दिसतं. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण ज्या चवीने शाळकरी मुलांना त्याची ओढ लागली ती चव रेनॉल्ड्स यांच्या प्लगचीच सख्खी बहीण म्हणावी अशी.

विन्स्टन-सालेममधला रेनॉल्डा बंगला आज अमेरिकन चित्रकलेचं संग्रहालय आहे. शाळा, रस्ते, विमानतळ, शिष्यवृत्त्या अशा अनेक ठिकाणी रेनॉल्ड्स घराण्याचं नाव त्या गावाने जपलं आहे. एका पिढीत लाल कारखान्यापासून देशातल्या सर्वात मोठ्या सिगारेट कंपनीपर्यंत पोहोचलेला कष्टाळू, हुशार व्यापारी म्हणून त्यांची आठवण काढली जाते, आणि त्यात खोटं काही नाही.

पण त्यांच्या कामाची दुसरी नोंद रुग्णालयांत आहे. तंबाखूचा कडवटपणा ही शरीराने दिलेली धोक्याची सूचना होती. ठसका लागला की माणूस थांबत होता. ज्या माणसाने ती सूचना गोडव्याखाली झाकली, त्याला तिचा अर्थ ठाऊक नव्हता. आज तो सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून नवा स्वाद, नवा थंडावा, नवी 'सौम्य' सिगारेट समोर आली की तिच्यात काय मिसळलं आहे एवढंच विचारून भागत नाही. ते मिसळल्यामुळे कुणाचा ठसका थांबला, हेही विचारावं लागतं.